धमनीच्या भिंतीत काय शिजतंय?

"अँजिओग्राफीत तीसच टक्के ब्लॉकेज निघालं होतं. काळजीचं कारण नाही म्हणाले. मग सहा महिन्यांत अटॅक आला कसा?" हृदयरोगाच्या ओपीडीबाहेर बाकड्यावर थोडा वेळ बसलात, तर हा प्रश्न कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतोच. विचारणाऱ्याच्या आवाजात संशय असतो. कुणीतरी काहीतरी लपवलं, नाहीतर बघायचं राहून गेलं. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. अँजिओग्राफीने जे दाखवायचं ते चोख दाखवलेलं असतं. आजार मात्र ती जिथे बघते तिथे नसतोच.

अँजिओग्राफीत काय करतात? मनगटातून किंवा जांघेतून कॅथेटर नावाची बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून आयोडीन असलेला डाय सोडतात आणि एक्स-रेवर त्याचा प्रवास टिपतात. पडद्यावर पानगळ झालेल्या झाडासारखं चित्र उमटतं. त्या फांद्यांना आपण सवयीने धमन्या म्हणतो, पण त्या असतात डायच्या सावल्या. रेघ जिथे बारीक होते तिथे ब्लॉकेज. डाय ज्या भिंतीला घासून जातो ती भिंत त्या चित्रात कुठेच नसते.

ही तपासणी सापडली तीही चुकून. ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स हे डॉक्टर एका रुग्णाच्या महाधमनीत डाय सोडणार होते. कॅथेटरचं टोक सरकलं आणि सगळा डाय थेट हृदयाच्या उजव्या धमनीत गेला. असं झालं तर माणूस दगावतो, अशी तेव्हा सगळ्यांची खात्री होती. रुग्णाचं हृदय खरंच काही सेकंद थांबलं. सोन्स यांनी त्याला खोकायला सांगितलं, तो खोकला आणि ठोके पुन्हा सुरू झाले. त्या घसरलेल्या टोकातून पुढे बायपास आणि अँजिओप्लास्टीचा सगळा पसारा उभा राहिला. अँजिओग्राफीला नावं ठेवायचा माझा मुळीच हेतू नाही. पण तिच्यामुळे डॉक्टरांना आणि आपल्यालाही एक सवय लागली. धमनीचा आजार म्हणजे नळात साचलेला गाळ, असंच आपण धरून चालतो.

नळ नव्हे, गळू

नळाची उपमा सोपी आहे, म्हणूनच ती इतकी चिकटून बसली आहे. प्रत्यक्षात हा आजार गळवाच्या जास्त जवळचा आहे.

हृदयाची धमनी साधारण तीन-चार मिलिमीटर रुंद असते. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतला अगदी पातळ, मधला स्नायूंचा आणि बाहेरचा धाग्यांचा. आतल्या थरावर पेशींचं एकेरी अस्तर असतं. रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण या अस्तराखाली शिरतात आणि तिथेच अडकतात. शरीराला ते परके वाटू लागतात. मग पांढऱ्या पेशी येतात, ती चरबी गिळतात, गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. वर्षानुवर्षं हे चालतं. मेलेल्या पेशी आणि चरबी यांचा मऊ लगदा आत साचतो आणि त्यावर तंतूंचा एक पापुद्रा तयार होतो. या सगळ्या गोळ्याला प्लाक म्हणतात.

आता खरी गोम. हा गोळा वाढू लागला की धमनी गप्प बसत नाही, ती बाहेरच्या बाजूला फुगते. आतली वाट आहे तेवढीच राहते. शिकागोचे विकृतिशास्त्रज्ञ सेमूर ग्लागॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मृत व्यक्तींच्या हृदयांच्या धमन्या मोजून हे दाखवून दिलं. भिंतीच्या आतल्या क्षेत्रफळाचा सुमारे ४० टक्के भाग प्लाकने व्यापेपर्यंत पोकळी फारशी आकसत नाही. म्हणजे धमनी पुरती आजारी असली तरी सावलीच्या चित्रात ती निकोप दिसू शकते. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली गेली होती, त्याचे निष्कर्ष १९५३ साली आले. त्यांचं सरासरी वय होतं २२. त्यांच्यापैकी ७७ टक्क्यांच्या धमन्यांत या आजाराच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसल्या. त्या पोरांना छातीत दुखत नव्हतं, धाप लागत नव्हती. ती रणांगणावर धावत होती.

अटॅक बहुतेकदा येतो तो पापुद्रा फाटल्यामुळे. आतला लगदा रक्ताला लागला की रक्ताला वाटतं जखम झाली, आणि ते गोठू लागतं. बघता बघता गुठळी वाट अडवते. काही वेळा पापुद्रा शाबूत असतो, फक्त वरचं अस्तर झिजतं आणि तिथे गुठळी धरते. दोन्ही प्रकारांत आधीचं ब्लॉकेज तीस टक्के होतं की साठ, हा प्रश्न दुय्यम ठरतो. गळू किती मोठं यापेक्षा ते किती पिकलं आहे आणि वरची त्वचा किती ताणली आहे, हे महत्त्वाचं.

फाटण्याच्या बेतात असलेल्या पापुद्र्याची जाडी ६५ मायक्रॉनपेक्षा कमी असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या डोक्यावरचा केस साधारण तेवढाच जाड असतो. धडधडणाऱ्या हृदयावर, सतत हलणाऱ्या तीन मिलिमीटरच्या नळीच्या भिंतीत, केसाएवढा पापुद्रा बाहेरून बघायचा. पुढची सगळी यंत्रं याच एका अडचणीशी झुंजतात, प्रत्येक जण आपापल्या बाजूने.

कॅल्शियमचा हिशेब

सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे कॅल्शियम स्कोअर. सुई नाही, डाय नाही, काही सेकंद श्वास रोखायचा की झालं. रेडिएशनही कमी, साधारण एक मिलिसिव्हर्ट. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतं.

जुन्या प्लाकमध्ये शरीर हळूहळू कॅल्शियम भरतं, जखमेवर खपली धरावी तसं. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियम पांढरंशुभ्र चमकतं. सीटीची मोजपट्टी गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाने ओळखली जाते. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे शंभरच्या आसपास, हाड कित्येक शे. आर्थर अगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये नियम बसवला की १३० च्या वर जे चमकेल ते कॅल्शियम मानायचं. प्रत्येक ठिपक्याचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि त्याला त्याच्या चमकेप्रमाणे एक ते चार यांपैकी एका आकड्याने गुणायचं. समजा सीटीने टिपलेल्या एका कापात सहा चौरस मिलिमीटरचा ठिपका आहे आणि त्याची सर्वाधिक घनता ३५०. तीनशे ते ३९९ साठी गुणक तीन, म्हणजे त्या ठिपक्याचे गुण अठरा. असे सगळ्या कापांतले सगळे ठिपके मिळवले की रिपोर्टवरचा आकडा येतो. शून्य आला तर फारच छान. शंभरच्या पुढे गेला तर गंभीरपणे बोलणी करायची वेळ, आणि चारशेच्या पुढे म्हणजे भिंतीत बराच जुना संसार थाटलेला आहे.

आकडा एकच आणि सुटसुटीत, म्हणून लोक त्याच्या प्रेमात पडतात. पण दोन गोष्टी त्यात लपतात. पहिली, स्कोअरला फक्त कॅल्शियम दिसतं. नव्या, मऊ, लगद्याने भरलेल्या प्लाकमध्ये कॅल्शियम भरलेलंच नसतं. तरुण माणूस, सिगारेट ओढणारा, छातीत दुखतंय आणि स्कोअर शून्य, तर त्या शून्यावर विसंबून घरी जाणं धोक्याचं आहे. दुसरी गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घेणाऱ्यांचा स्कोअर बऱ्याचदा वाढतो. औषध लागू पडतं तसा मऊ लगदा आटतो, त्याची जागा घट्ट कॅल्शियम घेतं, प्लाक स्थिरावतं, आणि आकडा मात्र वर चढतो. दर वर्षी स्कोअर काढून "गोळ्या घेऊनही वाढतोय" म्हणून गोळ्या बंद करणारे लोक असतात. त्यांनी आकडा बरोबर वाचलेला असतो, अर्थ नेमका उलटा लावलेला असतो.

धडधडत्या हृदयाचा फोटो

मऊ प्लाक बघायचं तर डाय लागतो, पण तो हातातल्या शिरेतूनही देता येतो. ही सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. नावात अँजिओग्राफी असली तरी हिला भिंतही दिसते, आणि हा फरक मोठा आहे.

तयारीतच निम्मं काम असतं. ठोके जलद असतील तर ते कमी करणारी गोळी देतात, कारण दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर विसावतं आणि त्या क्षणातच चित्र टिपायचं असतं. ठोके साठच्या खाली आले की तो विसावा पुरेसा लांबतो. धमन्या पूर्ण उघडाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. छातीवर ईसीजीचे पट्टे लावतात, म्हणजे यंत्राला ठोका कळतो. डाय शिरला की अंगभर गरम लाट पसरते, तोंडात धातूची चव येते आणि कपड्यात लघवी झाली की काय अशी शंका येते. झालेली नसते. टेक्निशियन हे आधी सांगतात, तरी प्रत्येक जण दचकतोच. मूत्रपिंडं अशक्त असतील किंवा पूर्वी डायची अ‍ॅलर्जी आली असेल, तर मात्र हे आधीच सांगायला हवं.

मग संगणकावर धमनी सरळ ताणून तिचे आडवे छेद बघतात. मध्ये डायचा पांढरा गोल, भोवती करड्या रंगाची कडी. ही कडी म्हणजेच भिंत. बघणाऱ्याची नजर चार खुणा शोधत असते. एक, कडीत काळसर डाग आहे का, म्हणजे घनता तीसच्या खाली. हा चरबीचा लगदा. दोन, त्या ठिकाणी धमनी बाहेर फुगली आहे का. तीन, कॅल्शियम मोठ्या पत्र्यासारखं आहे की बारीक शिंतोड्यांसारखं. शिंतोडे जास्त काळजीचे. चौथी खूण दिसायला सुबक आहे. मधला डाग काळसर आणि त्याच्या कडेने फिकट कंगोरा, एखाद्या अंगठीसारखा.

या खुणांना किती वजन द्यायचं, याचं चांगलं उत्तर स्कॉटलंडमधून आलं. छातीत दुखण्याची तक्रार असलेल्या ४,१४६ रुग्णांचे तिथे दोन गट केले होते. एका गटाला नेहमीची तपासणी, दुसऱ्याला त्याशिवाय सीटी अँजिओग्राफी. पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचं प्रमाण पहिल्या गटात ३.९ टक्के, तर सीटीवाल्या गटात २.३ टक्के. स्कॅनने कुणाला बरं केलं नव्हतं. पाच वर्षांत दोन्ही गटांत स्टेंट आणि बायपास साधारण सारखेच झाले होते. फरक पडला तो बहुधा औषधांमुळे. भिंत आजारी दिसल्यावर डॉक्टरांनी औषधं योग्य माणसाला दिली, आणि माझा अंदाज असा की चित्र डोळ्यांनी बघितल्यावर माणसंही ती नेमाने घेऊ लागली. याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात दिसलं की ज्यांच्या धमन्यांत काळसर, मऊ प्लाकचं प्रमाण चार टक्क्यांहून जास्त होतं, त्यांना अटॅक येण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ पाचपट होती.

सीटीची मर्यादा तिच्या ठिपक्यात आहे. चित्रातला एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे ५०० मायक्रॉन. पापुद्रा ६५ चा. त्यामुळे सीटीला लगदा दिसतो, पापुद्रा दिसत नाही. शिवाय जाड कॅल्शियम चित्रात आहे त्याहून मोठं फुलून दिसतं आणि शेजारचं सगळं झाकून टाकतं. २०२१ पासून वापरात आलेली फोटॉन मोजणारी सीटी यंत्रं एक्स-रेचा एकेक कण त्याच्या ऊर्जेसकट मोजतात. त्यांचा ठिपका ०.२ मिलिमीटरपर्यंत उतरतो आणि कॅल्शियमचं फुलणंही कमी होतं. पापुद्रा तिथेही हाती लागत नाहीच.

सीटीच्या याच चित्रातून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट काढली आहे. धमनीच्या बाहेरून चरबीचा एक वेढा असतो. भिंतीत दाह असला तर तिथून निघणारी रसायनं या वेढ्यातल्या चरबीच्या पेशींना नीट वाढू देत नाहीत. त्या छोट्या राहतात, त्यांत तेल कमी आणि पाणी जास्त, म्हणून सीटीवर त्या जागची घनता किंचित चढते. डोळ्यांना हा फरक कळत नाही, संगणकाला कळतो. घरात भांडण चाललंय की नाही, हे अंगणातल्या लोकांच्या चेहऱ्यावरून ओळखण्यातला हा प्रकार.

आत शिरून बघणं

पापुद्रा बघायचाच तर धमनीत उतरावं लागतं. इथे दोन साधनं आहेत, एक आवाजाचं, एक प्रकाशाचं.

आवाजाचं म्हणजे कॅथेटरच्या टोकावर बसवलेली सोनोग्राफी. ध्वनी भिंतीत जातो, थराथरावरून परततो, आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून थर किती खोल ते कळतं. तिला भिंतीची पूर्ण जाडी दिसते, पण बारकावा शंभर मायक्रॉनच्या खाली फारसा जात नाही.

प्रकाशाचं साधन म्हणजे ओसीटी. डोळ्यांचा पडदा तपासून घेतलेल्या अनेकांच्या हे नाव कानावरून गेलं असेल, तंत्र तेच. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी ते पहिल्यांदा मांडलं. कल्पना प्रतिध्वनीचीच, फक्त ध्वनीच्या जागी अवरक्त प्रकाश. अडचण अशी की प्रकाश इतका वेगवान आहे की दहा मायक्रॉन पुढून आणि मागून परतलेल्या किरणांमधला वेळ कुठल्याच घड्याळाने मोजता येत नाही. म्हणून घड्याळ लावतच नाहीत. प्रकाशाचे दोन भाग करतात. एक भिंतीवर पाठवतात, दुसरा माहीत असलेल्या अंतरावरच्या आरशावर. परतल्यावर दोन्ही एकमेकांत मिसळले की लाटा कुठे जुळतात, कुठे खोडल्या जातात, त्यावरून अंतर निघतं. बारकावा दहा ते वीस मायक्रॉनचा. म्हणजे पापुद्रा चक्क मोजता येतो.

रक्त मात्र प्रकाशाला अडवतं. म्हणून काही क्षण डायचा झोत सोडून रक्त बाजूला सारतात, आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत गरगर फिरणारा प्रकाशतंतू पाच-सात सेंटीमीटर मागे ओढून घेतात. पडद्यावर धमनीचे शेकडो गोल छेद सरसर सरकतात. तंतूंचा थर उजळ दिसतो. कॅल्शियम काळं, पण कडा रेखीव. चरबीचा लगदाही काळा, पण कडा धुरकट, जणू धुक्यात विरलेल्या. त्या धुक्याच्या वर एक बारीक उजळ रेघ असते. तीच ती, जिच्या जाडीवर सगळं अवलंबून. ओसीटीची नजर भिंतीत एक-दोन मिलिमीटरच पोचते, पण पापुद्र्यासाठी तेवढी पुरते.

मग प्रश्न सुटला का? इथे मला २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. अटॅक किंवा तत्सम त्रास होऊन गेलेल्या ६९७ रुग्णांच्या धमन्या आतल्या सोनोग्राफीने तपासल्या आणि तीन वर्षं पाठपुरावा केला. पुढच्या त्रासांपैकी जवळपास निम्मे अशा जागी उद्भवले जिथे आधी उपचारच झाले नव्हते, आणि त्या जागी सुरुवातीला सरासरी अरुंदपणा होता फक्त ३२ टक्के. म्हणजे ओपीडीबाहेरच्या त्या बाकड्यावरचा प्रश्न आकड्यांत मांडलेला. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निकाल तितकाच लक्षात ठेवायला हवा. पापुद्रा पातळ असल्याची चिन्हं, मोठं प्लाक आणि अरुंद वाट ही तिन्ही लक्षणं एकाच जागी असलेली ठिकाणंही तीन वर्षांत शंभरातली अठराच त्रास द्यायला उठली. उरलेली ब्याऐंशी गप्प राहिली. कित्येक पापुद्रे आपोआप जाड होतात, कित्येक फाटतात आणि माणसाला पत्ताही न लागता सांधतात. गळू दिसलं म्हणजे ते फुटणारच, असं नाही.

रंग आणि ऊब

मानेतल्या कॅरोटिड धमन्यांचं काम तुलनेने सोपं. त्या रुंद आहेत, त्वचेच्या जवळ आहेत आणि हृदयासारख्या नाचत नाहीत. साध्या सोनोग्राफीत त्यांचं प्लाक दिसतं. एमआरआय तर तिथे कमाल करतो. वाहत्या रक्ताचा संकेत दाबून ते काळं ठेवतात आणि भिंत तेवढी उजळवतात. प्लाकच्या आत कधी रक्तस्राव झाला असेल तर त्या रक्तातलं हिमोग्लोबिन बदलून चुंबकीय गुणाचं होतं आणि विशिष्ट चित्रात तो भाग लखलखतो. अशी लखलख दिसली की पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो, वाट किती अरुंद आहे याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. रेडिएशन शून्य, हा आणखी एक फायदा.

पेट स्कॅनचा रोख वेगळा आहे. बाकी यंत्रं रचना बघतात, पेट काम चाललंय का ते बघतं. किरणोत्सारी फ्लोरिन लावलेली साखर शिरेतून देतात. दाहात गुंतलेल्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात, त्यामुळे धगधगती भिंत चित्रात उजळते. मानेत आणि महाधमनीत हे छान जमतं. हृदयाच्या धमन्यांत पंचाईत होते, कारण हृदयाचा स्नायू स्वतःच साखर खातो आणि सगळं उजळून टाकतो. यावर एडिंबराच्या संशोधकांनी साखरेऐवजी सोडियम फ्लोराइड वापरून बघितलं. ते नुकत्याच बनू लागलेल्या, सीटीलाही न दिसणाऱ्या बारीक कॅल्शियमला जाऊन चिकटतं. २०१४ च्या त्यांच्या अभ्यासात अटॅक आलेल्या ४० जणांपैकी ३७ जणांत सगळ्यात उजळ ठिपका नेमका त्याच प्लाकवर होता ज्याने अटॅक आणला. जुनं पत्र्यासारखं कॅल्शियम शांततेची खूण, आणि आत्ता आत्ता पडू लागलेले कण अशांततेची.

भिंतीचे सगळेच आजार चरबीचे नसतात, हेही इथेच सांगून टाकतो. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुण स्त्रीच्या डोळ्यातल्या विचित्र रक्तवाहिन्यांचं वर्णन केलं होतं. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच महाधमनी आणि तिच्या शाखांच्या भिंतींवर उलटते. भिंती जाडावतात, वाट बंद होत जाते आणि शेवटी मनगटावर नाडीच लागत नाही. त्या अवस्थेला पोचल्यावर निदान करून फारसं साधत नाही. एमआरआय आणि पेटमध्ये भिंतीची सूज नाडी हरवण्याच्या कितीतरी आधी दिसते. पन्नाशीनंतर कानशिलाच्या धमनीला असाच दाह होऊ शकतो आणि उपचार लांबले तर दृष्टी जाते. तिथे साधी सोनोग्राफीही धमनीभोवती काळं कडं दाखवून निदानाला हात देते. मात्र ती लगेच करावी लागते, कारण स्टेरॉइड सुरू केल्यावर काही दिवसांत ते कडं विरतं. आणि स्टेरॉइड तर तपासणीसाठी थांबवता येत नाही.

दिसलं, आता पुढे?

नातेवाइकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "मग स्टेंट टाकून टाका ना." छातीत उठलेल्या अटॅकमध्ये स्टेंट जीव वाचवतो, त्यात वाद नाही. स्थिर आजारात मात्र २००७ आणि २०२० मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत औषधांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास केल्याने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, आणि अटॅकही एकंदरीत कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं. भिंतीचा विचार केला तर हे कोडं राहत नाही. स्टेंट दोन-तीन सेंटीमीटर जागा सांभाळतो, आजार सगळ्या भिंतीभर पसरलेला असतो. धोकादायक दिसणाऱ्या पण वाट न अडवणाऱ्या प्लाकवर आधीच स्टेंट टाकावा का, याची चाचणी दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झाली. २०२४ मध्ये आलेला निकाल स्टेंटच्या बाजूने होता, पण दोन्ही गटांत मिळून त्रास झालेले रुग्णच मोजके होते. एवढ्यावरून सरसकट सुटावं असं मला वाटत नाही.

औषधाने भिंत खरंच सुधारते का, हेही या यंत्रांनीच दाखवलं. आतल्या सोनोग्राफीने मोजलं तर जोरदार स्टॅटिन दोन वर्षं घेऊन प्लाक आटतं ते एखाद्या टक्क्याने. हे ऐकून लोक हिरमुसतात. पण ओसीटीत त्याच काळात पापुद्रा जाड होताना दिसतो आणि लगदा आक्रसताना. गळू आकाराने तेवढंच राहिलं, पण त्याचं पिकणं थांबलं.

यातली कुठलीही तपासणी धडधाकट माणसाने हौसेने करायची नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, घरातला इतिहास हे बघूनही औषध द्यावं की नाही असा पेच राहिला, तर कॅल्शियम स्कोअर उपयोगी. छातीत दुखण्याची तक्रार असेल तर सीटी अँजिओग्राफी. धमनीत शिरून बघायचं ते अँजिओप्लास्टीच्या टेबलावरच. आणि आत्ता, या क्षणी छातीत कळ येत असेल तर स्कॅनची वेळ घेत बसायचं नाही. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी) यांसाठी थेट आपत्कालीन विभाग गाठायचा.

रिपोर्ट हातात आला तर एक जागा मुद्दाम बघा. हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर बऱ्याचदा 'कॅड-रॅड्स' नावाची श्रेणी असते, शून्य ते पाच. ती पोकळीबद्दल बोलते. २५ ते ४९ टक्के अरुंदपणा म्हणजे श्रेणी दोन. २०२२ मध्ये या पद्धतीत सुधारणा झाली आणि श्रेणीच्या पुढे पी-१ ते पी-४ अशी जोड आली. ही भिंतीतल्या एकूण प्लाकची मात्रा. धोक्याच्या त्या चार खुणांपैकी किमान दोन एकाच प्लाकमध्ये दिसल्या, तर 'एचआरपी' (हाय-रिस्क प्लाक) अशी अक्षरंही असतात. बाकड्यावरच्या त्या माणसाचे तीस टक्के पी-१ सोबत आले असते, तर ती एक गोष्ट होती. तेच तीस टक्के पी-३ आणि एचआरपी लिहून आले असते, तर "काळजीचं कारण नाही" हे वाक्य त्या दिवशी कुणी उच्चारलं नसतं.